काळी काच, पांढरी काच आणि सहाचं ऊन

प्रश्न (पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देतेय): रत्नागिरी शहराजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४७, पालीच्या पुढे एका सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी, रोज स्कूटरने जाणं-येणं. सकाळी साडेसातला निघाल्या की सूर्य समोर, संध्याकाळी परत फिरल्या की पुन्हा समोरच. डोळे दिपतात म्हणून मिस्टरांनी दिवाळीत काळ्या काचेचं नवीन हेल्मेट आणून दिलं. उन्हात बरं वाटतं, पण झाडांच्या सावलीत शिरलं की एकदम काळोख, आणि मागे अशाच एका सावलीत रस्त्यावर सांडलेली खडी दिसली नाही, गाडी घसरता घसरता राहिली. उशीर झाला तर काच वर करून यावं लागतं, मग डोळ्यात चिलटं आणि धूळ. नंबरचा चष्मा उन्हात आपोआप काळा होणारा, मुद्दाम महागातला घेतलाय, पण हेल्मेट घातलं की तो काळाच होत नाही. हल्ली समोरच्या दिव्यांभोवती तारे फुटल्यासारखंही दिसतं. दीर म्हणतात आपोआप रंग बदलणारी हेल्मेटची काच मिळते ती मागवा वहिनी, सगळा प्रश्न सुटेल. मिस्टर म्हणतात आता वय झालं, गाडी बंद कर आणि एसटी धर. ताई विचारतात, "दहा वर्षं याच रस्त्याने जातेय, मग आताच का त्रास? नक्की कुठली काच घेऊ? की गाडी सोडूनच देऊ?"

ताई,

तुम्ही काचेबद्दल विचारलंय, पण पत्रात तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य "वय झालं" हे आहे असं मला वाटलं. त्याच्याकडे येतेच, आधी काचेचं निस्तरू, कारण ते दोन दिवसात होण्यासारखं आहे आणि तेवढ्यात व्हायलाही हवं.

ती काळी काच काढून टाका. अख्खं हेल्मेट टाकायची गरज नाही, त्याच मॉडेलची पांढरी (म्हणजे आरपार दिसणारी, बिनरंगी) काच वेगळी मिळते आणि हेल्मेटच्या मानाने स्वस्त असते, फक्त दुकानात जाताना हेल्मेट सोबत न्या कारण दुसऱ्या मॉडेलची काच खटक्यात बसत नाही आणि मग ती वाऱ्याने फडफडत राहते. मिस्टरांना वाईट वाटेल, त्यांनी प्रेमाने आणलंय, पण ही काच रोज ऊन-सावली-अंधार असा तिन्हीतून जाणाऱ्या माणसासाठी नव्हे. भर दुपारी मोकळ्या हायवेवर कोणी गोव्याला चाललंय तर गोष्ट वेगळी. युरोपच्या नियमात तर ८० टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत सोडणाऱ्या हेल्मेटच्या काचेवर "फक्त दिवसा वापरा" असं छापावं लागतं, आणि आपल्याकडे दुकानात ज्या स्मोक नाहीतर आरशासारख्या मर्क्युरी काचा टांगलेल्या असतात त्यातल्या बऱ्याच याहून कितीतरी काळ्या दिसतात.

आता त्या खडीचं बघू, कारण तुम्ही लिहिलंय "माझंच लक्ष नव्हतं". मला तसं वाटत नाही. डोळा अंधारातून उजेडात आला तर लवकर सावरतो, पण उजेडातून अंधारात गेला की त्याला वेळ लागतो. बाहुली मोठी व्हायलाच थोडे सेकंद जातात आणि खऱ्या काळोखाला आतला पडदा पुरता सरावायला अर्धा तास लागतो. झाडाची सावली म्हणजे काही काळोख नव्हे, तिथे दोन-तीन सेकंदांचाच खेळ असतो, पण स्कूटर ताशी ५० ने चालली असेल तर एका सेकंदात ती जवळजवळ १४ मीटर जाते, तीन सेकंद धरले तर ४० मीटर तुम्ही धड न बघताच गेलात. साध्या काचेतूनही हे होतंच, तुम्ही त्यावर स्मोक काच लावून सावली अजून गडद करून घेतली. आणि आपल्या बाजूच्या सावल्या सलगही नसतात, फांद्यांतून उन्हाचे कवडसे पडतात, रस्ता असा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो की त्यात खड्डा कुठला, ओला शेणाचा पो कुठला आणि खडी कुठली हे चांगल्या नजरेलाही पटकन कळत नाही.

म्हणून "कुठली काच घेऊ" या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलीय तीच मला पटत नाही. सकाळचं समोरचं ऊन, झाडीतली सावली आणि सातनंतरचा काळोख, हे तिन्ही सांभाळेल अशी एक काच कुठेतरी मिळते आणि आपल्याला ती अजून सापडली नाही एवढंच, असं आपण धरून चालतो. तशी काच नाहीये. करायचं असं की डोळ्यासमोर कायमची काच पांढरीच ठेवायची, आणि ऊन अडवायला जे काही लावाल ते गाडी चालू असताना एका हाताने एका सेकंदात बाजूला करता आलं पाहिजे. जे तसं निघत नाही ते ऊन-सावलीच्या रस्त्यावर नको, मग ते कितीही भारी कंपनीचं असो.

या हिशोबात बसणारं सगळ्यात सोयीचं म्हणजे आत वेगळा गॉगल असलेलं हेल्मेट. बाहेर पांढरी काच, आत एक छोटी काळी पट्टी, बाजूच्या किंवा वरच्या खटक्याने खाली-वर होते. आयएसआय मार्कचीही अशी हेल्मेटं मिळतात, तो मार्क बघितल्याशिवाय घेऊ नका, रस्त्याकडेच्या स्टॉलवरचं तर नकोच. तुम्हाला चष्मा आहे म्हणून दुकानात चष्मा घालूनच हेल्मेट चढवा आणि गॉगल दहा वेळा खाली-वर करा, काहींमध्ये तो चष्म्याच्या कडेला घासतो आणि मग माणूस वैतागून वापरायचं सोडून देतो. खटका डाव्या हाताला येतो का तेही बघा, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो आणि सावली दिसल्यावर ॲक्सिलरेटर सोडून खटका चाचपत बसायला वेळ नसतो.

नवीन हेल्मेट आत्ता घ्यायचं नसेल (दिवाळीलाच तर आलंय) तर एक अगदी स्वस्तातला उपाय आहे. पांढऱ्या काचेच्या वरच्या कडेला आतून-बाहेरून कुठूनही काळ्या इलेक्ट्रिक टेपची आडवी पट्टी चिकटवा, दोन-अडीच बोटं रुंद. सरळ बसल्यावर रस्ता, सिग्नल आणि आरसे पूर्ण दिसले पाहिजेत, म्हणजे पट्टी नजरेच्या वर राहिली पाहिजे. सूर्य समोर आला की हनुवटी जराशी खाली घ्यायची, सूर्य पट्टीमागे जातो आणि रस्ता खालून दिसत राहतो, सावली आली की मान सरळ. यात काढायघालायचं काहीच नाही. दिसायला गावठी दिसतं, मान्य आहे, पण लांब पल्ल्याचे बाईकवाले सर्रास करतात. टोपीसारखी चोच असलेली हेल्मेटं येतात त्यांचंही काम हेच, स्कूटरच्या स्पीडला ती चांगली, जोरात चालवणाऱ्यांची मात्र मान वाऱ्याने ओढते.

सूर्य अगदीच क्षितिजाला टेकला की पट्टीही पुरत नाही, कारण तेव्हा तो रस्त्याच्याच रेषेत असतो. त्याचं पुढे सांगते.

साधा गॉगल घालणाऱ्यांसाठी (हे इतर वाचकांना, तुम्हाला चष्म्यामुळे जमणार नाही) एवढंच की गॉगलच्या काडीवर आतल्या बाजूला बऱ्याचदा ० ते ४ असा कॅटेगरीचा नंबर असतो बघा, कॅटेगरी ३ चा गॉगल फक्त ८ ते १८ टक्के उजेड सोडतो आणि ४ नंबरचा गाडी चालवायला चालतच नाही. आणि काळ्या काचेच्या आत गॉगल घालणारी मंडळी बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. समजा काच ३० टक्के उजेड सोडते आणि गॉगल १५ टक्के, तर डोळ्यापर्यंत साडेचार टक्के पोचला, करा विचार. पोलराइज्ड गॉगलने ओल्या रस्त्याची चमक कमी होते खरी, पण ती चमकच कधीकधी सांगत असते की इथे ऑइल सांडलंय, शिवाय काही गाड्यांचा डिजिटल मीटर त्यातून काळा दिसतो.

आता तुमचा महागाचा चष्मा. दुकानदाराने फसवलं नाही हो तुम्हाला, चष्मा बिघडलेलाही नाही. त्या काचा काळ्या होतात त्या उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते, ती हे किरण बाहेरच अडवते. किरण पोचलेच नाहीत तर चष्मा काळा होणार कशाने. हेल्मेट काढून अंगणात उभ्या राहा, होईल.

आणि दिरांनी सांगितलेली काच. ती खोटी नाही, ती स्वतःच बाहेर असल्यामुळे तिच्यावर ऊन पडतं आणि ती बदलतेही. पण बदलायला वेळ घेते, काळ्याची पांढरी व्हायला तर जास्तच, आणि तुमची सावली दोन-तीन सेकंदात येऊन गेलेली असते. म्हणजे झाडीत शिरताना ती काळीच असणार आणि पलीकडे उन्हात निघताना फिकी व्हायला लागलेली. मुंबई-गोवा हायवेवर कशेडीच्या बोगद्यातून जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, जवळपास दोन किलोमीटरचा बोगदा आहे, बाहेर लख्ख ऊन आणि आत एकदम दिव्यांचा उजेड, तिथे आपोआप बदलणाऱ्या काचेच्या भरवशावर शिरू नका, तोंड यायच्या आधीच गॉगल वर करा आणि स्पीड कमी करा. शिवाय या काचा गरम हवेत तेवढ्या गडद होत नाहीत, म्हणजे आपल्या मे महिन्यात तर आनंदच. दिवसभर एकसारख्या उजेडात फिरून संध्याकाळी परत येणाऱ्याला ती छान आहे. तुमच्या रस्त्याला तेवढे पैसे घालू नका, दिरांना सांगा आयडिया चांगली होती.

"दहा वर्षं जातेय, मग आताच का?" हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, कारण तुम्ही तो विचारलात आणि घरात कोणीतरी त्याचं उत्तर "वय" असं देऊन टाकलं. रस्ता तोच राहिलाय का पण? मिऱ्या-नागपूर हायवेच्या रुंदीकरणात कडेची किती जुनी झाडं गेली ते तुम्ही रोज बघताय, जिथे सावली होती तिथे आता थेट ऊन येतं, आणि उरलेली झाडी मध्येच लागते म्हणून फरक जास्त जाणवतो. डांबराच्या काळ्या रस्त्यापेक्षा सिमेंटचा रस्ता उजेड जास्त परत फेकतो. धूळ आहे, खडी आहे. वरून लाल माती आणि समुद्राकडच्या खाऱ्या हवेचा चिकट थर काचेवर बसतो, तो आपण ओढणीने नाहीतर रुमालाने कोरडाच खसाखसा पुसतो, त्या मातीने काचेवर बारीक बारीक चरे पडतात आणि सूर्य समोर आला की प्रत्येक चरा चमकतो, अख्खी काच दुधासारखी पांढरी होते. कितीतरी वेळा डोळे दिपले म्हणतो ती खरं तर चऱ्यांची करामत असते. काच आधी भरपूर पाण्याने भिजवायची, माती सुटू द्यायची, मग साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने. पेट्रोल, थिनर असलं काही नको, त्याने काच तडकते. आणि जुनी चरे पडलेली काच फेकून द्या, सुपारीच्या डब्यातल्या चिल्लरसारखी जपून ठेवू नका.

सूर्याचंही थोडं बघा. तो रोज एकाच जागी मावळत नाही. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास बरोबर पश्चिमेला, डिसेंबरात बराच दक्षिणेकडे सरकलेला, जूनमध्ये उत्तरेकडे. तुमचा रस्ता सरळ पूर्व-पश्चिम नाही, वळत वळत जातो, म्हणून एका महिन्यात जे वळण त्रास देतं ते दोन महिन्यांनी देणार नाही, दुसरंच कुठलं तरी देईल. दर पंधरा दिवसांनी लक्षात ठेवायचं की सध्या कुठल्या दोन-तीन जागी सूर्य तोंडावर येतो, पालीच्या चढावर की हातखंब्याच्या तिठ्याच्या अलीकडे, आणि तिथे पोचायच्या आधीच हात हलका करायचा. आपल्या भागात सूर्य भराभर उतरतो, अर्ध्या तासात त्याच्या उंचीत बराच फरक पडतो. डिसेंबरात सहा-सव्वासहाला मावळतो, तर पाच-सव्वापाचला निघणं जमत असेल तर तो निदान पट्टीच्या उंचीवर तरी असतो. ते जमत नसेल तर ऐन टेकतानाची पंधरा-वीस मिनिटं केंद्रावरच चहा घ्या, तो बुडाल्यावर निघा, त्यानंतरही थोडा वेळ संधिप्रकाश राहतो, पांढऱ्या काचेतून ते ठीक आहे. सकाळी मात्र ओपीडीची वेळ तुमच्या हातात नाही, तिथे पट्टी आणि स्पीड.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी जरा ठासून सांगते. सूर्य तुमच्या डोळ्यात आहे तेव्हा तो तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यात आहे. तुम्हाला काही दिसेनासं झालं म्हणून तुम्ही कच्चकन ब्रेक मारलात तर त्याला तुम्ही दिसणारच नाही आहात. म्हणून दिसेनासं होण्याच्या आधीच ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेकला हलका हलका हात लावून मागचा लाल दिवा दोन-तीनदा लुकलुकवायचा, रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची, आणि अगदीच झालं तर पट्टीच्या बाहेर पूर्ण उतरून थांबायचं, रस्त्यावर नाही. याच्या उलटही खरं आहे, तुमची लांबच लांब सावली तुमच्या पुढे पडलेली दिसली की समजायचं समोरून येणाऱ्याला सूर्य दिसतोय, तुम्ही नाही. अशा वेळी तो ओव्हरटेकला बाहेर येईल असंच धरून चालवायचं. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाक्यांना दिवसाही हेडलाईट चालू राहतो तो यासाठीच, तुमची गाडी त्याआधीची असेल तर स्वतः लावा, समोरचे हात हलवून "लाईट, लाईट" करतील, करू देत.

काळोखात यायचं तर काच खालीच, पांढरी आणि स्वच्छ, म्हणजे चिलटांचा प्रश्न तिथेच मिटला. रात्रीसाठी पिवळा गॉगल कोणी विकायला आलं तर घेऊ नका. अमेरिकेत २०१९ साली संशोधकांनी हे तपासलं, पिवळ्या चष्म्याने रात्री पायी चालणारा माणूस काही जास्त चांगला दिसत नाही, उलट उजेड थोडा कमीच होतो. पावसात काच आतून धुकट होते तेव्हा ती एक खटका वर ठेवा. आणि घाटात धुकं असलं तर, आंबा घाट असो की कुंभार्ली, लाईट डिप्परवर, अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो.

मिस्टरांचं आता. चिडून बोलले असतील असं वाटत नाही, घसरता घसरता राहिलात हे ऐकून घाबरलेत. पण घाबरलेल्या माणसाने काढलेला निष्कर्ष बरोबरच असतो असं नाही. त्यांना एक संध्याकाळ तुमची स्कूटर, तुमचं तेच काळ्या काचेचं हेल्मेट घालून पालीहून घरापर्यंत आणायला सांगा. भांडण म्हणून नको, नुसतं "एकदा बघा ना" म्हणून. पन्नाशीचा गडीही त्या झाडीत चाचपडेल, मग वयाचा मुद्दा आपोआप जरा मागे पडेल. एसटीला मात्र नाक मुरडू नका. रिपोर्टिंगचे दिवस असतात, उशीर नक्की होणार हे सकाळीच माहीत असतं, जुलैत धो धो कोसळत असतो, अशा दिवशी एसटीने जाण्यात कसली हार. गाडी सोडणं आणि काही दिवस गाडी न नेणं यात फरक आहे, आणि कुठल्या दिवशी न्यायची नाही हे तुम्ही ठरवायचं, घरच्यांनी नाही.

तरीही वयाचा मुद्दा मी पूर्ण खोडून काढणार नाही, कारण ते दिव्याभोवतीचे तारे. आधी घरीच करून बघा. रात्री अंगणात उभं राहून लांबच्या एखाद्या दिव्याकडे बघा, हेल्मेटची काच खाली घेऊन, मग वर करून, मग चष्मा स्वच्छ पुसून पुन्हा. काच वर केल्यावर तारे गेले तर काच दोषी. चष्मा पुसल्यावर गेले तर चष्मा, त्याच्यावरही चरे असतात. दोन्ही करूनही राहिले तर डोळे तपासायला हवेत, नंबर बदलला असेल, डोळे कोरडे पडत असतील, किंवा मोतीबिंदूची सुरुवात असेल, ती चाळिशी-पन्नाशीतही होते आणि तिची पहिली तक्रार बऱ्याचदा हीच असते की समोरचा लाईट सहन होत नाही. साखर कधी बघितली होती शेवटची? आरोग्य केंद्रात काम करणारी माणसं स्वतःची तपासणी सोडून सगळ्यांच्या करतात.

जिल्हा रुग्णालयात डोळ्यांची ओपीडी असते, रजा टाका आणि जाऊन या. डॉक्टरांना नुसतं "कमी दिसतं" सांगू नका, "समोरून उजेड आला की दिसत नाही आणि सावलीत गेल्यावर सावरायला वेळ लागतो" असं सांगा, म्हणजे ते त्या दिशेने बघतील. तपासताना थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि त्यानंतर काही तास उजेड अजिबात सोसत नाही, तेव्हा त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा आणि मिस्टरांना सोबत घेऊन जा.